मोट छाप शाहीर

माझ्या थोरल्या भावाला गावात अजून मोट छाप म्हणतात. त्याच्या नातवाला शाळेत घालायला गेलो तेव्हा मास्तरांनी पोराला विचारलं, "कुणाचा रे तू? मोट छापचा का?" पोरगं हो म्हणालं. त्यानं विहिरीवरची मोटही पाहिलेली नाही आणि त्या नावाची बिडीही पाहिलेली नाही. दोन्ही कधीच बंद पडल्या. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं. मला धाकला मोट छाप म्हणणारेही काही होते, ते आता राहिले नाहीत.

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. आमच्याकडे भेदिक गायचे. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोन फड समोरासमोर बसायचे, एक कलगीवाल्यांचा आणि एक तुरेवाल्यांचा. कलगीवाले शक्तीला मोठं मानणार, तुरेवाले शिवाला. एकानं कवनातून कोडं घालायचं, दुसऱ्यानं कवनातूनच ते फोडायचं. फुटलं नाही तर हरला. आम्ही कलगीवाले. दादा शाहीर होता, डफ त्याच्या हातात. मी झीलकरी, माझ्या हातात तुणतुणं.

झीलकऱ्याचं काम सोपं असतं. शाहिरानं ओळ संपवली की तिचं शेवटचं अक्षर उचलायचं, आणि शाहीर पुढची ओळ उचलेपर्यंत 'जी रं हो जी' करत लांबवत राहायचं. तेवढ्यात शाहिराला श्वास मिळतो आणि पुढचं आठवायला सवड मिळते. ओळीत काय होतं याच्याशी झीलकऱ्याला देणंघेणं नाही. रामाचं नाव असो नाहीतर रावणाचं, शेपूट धरायचं. लोक टोमणा मारायला म्हणतात, 'तो काय, दुसऱ्याची री ओढतो.' मी ती ओढूनच जेवलो, त्यामुळे मला हा टोमणा कधी लागला नाही.

आमचे वस्ताद गावातलेच, जातीनं पिंजारी. दिवसभर कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. मुसलमान होते, आणि आदिशक्तीवर त्यांनी जेवढी कवनं रचली तेवढी आमच्या भागात कुणी रचली नसतील. याचं कुणाला नवल वाटत नसे, त्यांनाही नाही. पिंजणीच्या टणटणाटात ते आम्हाला शिकवायचे. आवाजानं त्यांचे कान कामातून गेले होते, पण डफाची थाप चुकली तर बोटांनी ओळखायचे. म्हणायचे, "कानाचं काय काम? जमीन सांगती."

शिकवण्याची त्यांची एक रीत होती. कवनाची सगळी कडवी द्यायचे, शेवटचं राखून ठेवायचे. आधीच्या कडव्यांतलं कोडं चेल्यानं आपलं आपण फोडलं, तरच शेवटचं कडवं मिळायचं. कारण त्या कडव्यात वस्तादाचं नाव असतं. आमच्यात त्याला छाप म्हणतात. छाप ऐकली की समोरच्याला कळतं, हे कवन कुणाच्या घरातून आलं. ज्याला वस्ताद नाही, ज्याच्या कवनाला छाप नाही, तो नुगरा. नुगऱ्यासमोर कुणी सामन्याला बसत नाही. दादाला पहिल्या कवनाचं शेवटचं कडवं मिळायला दोन पावसाळे गेले होते. मिळालं त्या दिवशी तो गावभर ते गात हिंडला, आणि आईनं त्याची दृष्ट काढली.

वस्तादांचं नाव मी इथे घालत नाही. छाप गायची असते, लिहून ठेवायची नसते, असं ते म्हणायचे. ओळीची चाल तेवढी सांगतो. आधी त्यांचं नाव यायचं, मग 'म्हणे, भेद हा फोडुन दावा हो जी'.

बहात्तरच्या दुष्काळात जत्रा बंद पडल्या. देवालाच नैवेद्य मिळेना, तिथे शाहिराला कोण सुपारी देणार. आम्ही दोघं भाऊ सडकेच्या कामावर खडी फोडायला लागलो. दुपारी कामावर मिळणारी सरकारी सुकडी खाऊन माणसं झाडाच्या तुटपुंज्या सावलीला बसली की कुणीतरी म्हणायचं, शाहीर, होऊ द्या. दादा पाटीवर थाप मारून गायचा. मी झील धरायचो. धुळीनं गळा भरलेला असायचा, पण झील ही अशी गोष्ट आहे की गळा चांगला असला काय नसला काय, निघते.

तिथेच नगरचा एजंट आला. बिडीच्या एका कारखान्याचा तो प्रचार करायचा. जीप, जीपवर कर्णा, अंगात टेरिलिनचा शर्ट. खडीच्या कामावर हजारो माणसं एका जागी सापडत होती आणि प्रत्येकाच्या कानामागे बिडी होती. त्यानं दादाचं कवन पुरतं ऐकलं. मग म्हणाला, "शाहीर, पब्लिक शेवटच्या कडव्याला कान टवकारतं, हे तुमच्या ध्यानात आलंय का?"

दादा म्हणाला, "त्या कडव्यात छाप असती."

एजंट हसला. "आमचीबी छापच हाय की. मोट छाप."

हा विनोद त्यानं पुढे बऱ्याच ठिकाणी केला, पण पहिल्यांदा केला तो आमच्यासमोर. त्याचं म्हणणं साधं होतं. कवन तेच, चाल तीच, कोडंही तेच ठेवा. फक्त शेवटच्या कडव्यात वस्तादांच्या नावाच्या जागी मोट छाप बिडी. महिन्याचा पगार, जीपमधून फिरायचं, फेटे कंपनीचे.

दादा वस्तादांकडे गेला. मी मागोमाग. गाद्या कोण भरून घेणार अशा दिवसांत, त्यामुळे पिंजण भिंतीला टेकून ठेवली होती आणि वस्ताद नुसतेच बसले होते. दादानं त्यांच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. शेजारीपाजारी सगळ्यांनी ऐकलं असणार.

वस्ताद म्हणाले, "पोटासाठी गा. कोन न्हाई म्हनतंय? सिनेमाच्या चालीवर गा, बिडीवर नवं कवन करून गा. मी करून देतो बिडीवर. पर शेवटच्या कडव्याला हात लावू नगं."

"त्यांना तेच पायजे, वस्ताद."

"त्यांना तेच पायजे असनार. अडानी न्हाई त्यो मानूस."

एवढंच बोलणं झालं. त्यांनी जा म्हटलं नाही, जाऊ नको म्हटलं नाही. दादा परत येताना रस्त्यात म्हणाला, "खडी फोडताना कोडी फोडून काय खायाचं?" मी हो म्हणालो. तो ना म्हणाला असता तरी मी हो म्हणालो असतो.

पंधरवड्यात आम्ही जीपमध्ये होतो. नवी ओळ अशी झाली: 'मोट छाप बिडी म्हणे, एकदा ओढून पाहा हो जी'. ती दादानं पहिल्यांदा म्हटली तेव्हा मला काय वाटलं, असं मला पुढे कुणी कुणी विचारलं. काही वाटलं नाही. शेपूट तेच होतं, 'हो जी'. मी ते उचललं आणि लांबवलं. घशाला फरक पडला नाही.

पारनेर, कर्जत, खर्डा, मधले सगळे आठवडी बाजार आम्ही पालथे घातले. जीप उभी राहायची, कर्णा सुरू व्हायचा, एजंट मुठी भरभरून बिड्या उधळायचा, आणि माणसं जमायची. मी बरीच गर्दी पाहिली आहे, पण इतकी खूश गर्दी दुष्काळात कशी काय असू शकते, हे मला उमगलं नाही. दादाचा आवाज कर्ण्यातून दुप्पट व्हायचा. त्याचा गळा खरंच सुरेख होता, हे मी भाऊ म्हणून सांगत नाही. बाया पाण्याच्या हंड्यासकट थांबायच्या. महिन्या-दोन महिन्यांत अशी गत झाली की शेवटचं कडवं दादानं उचलायच्या आधीच पब्लिक म्हणायचं, मोट छाप बिडी म्हणे! दादा हसून डफ त्यांच्याकडे करायचा. मग माझंही काम कमी झालं. झीलही पब्लिकच ओढायला लागलं.

लोक दादाला चहा पाजायचे, सोबत उभं राहून फोटो काढून घ्यायचे. वहिनीच्या अंगावर नवं लुगडं आलं, घरावर पत्रे आले. हे सगळं मला आवडलं नाही असं नाही. नवा शर्ट घातला की बरं वाटायचं, काढला की काही वाटायचं नाही.

एकदाच राग आला. एजंटानं दादाच्या डफावर रंगाऱ्याकडून मोट काढून घेतली. लाल मोट, तिला पिवळा सोंदूर, म्हणजे ओढायचा दोर, खाली नाव. चित्र झकास होतं. पण ऑइलपेंट कातड्यात मुरला आणि डफ बसला. थाप मारली की खणखणीत आवाज यायच्या ऐवजी 'बद्द' असा यायचा, ओल्या पोत्यावर हात मारल्यासारखा. मी एजंटाला म्हणालो, "तुमी डफाला मारलंत." तो म्हणाला, "कर्ण्यातून कळत नाही हो." आणि खरंच कर्ण्यातून कळत नव्हतं. माझा राग तिथेच विझला. त्यानंतर कशाचाच आला नाही.

वस्ताद गावात होते. आम्ही आलो की दादा त्यांच्या पाया पडायला जायचा, बिड्यांचा पुडा ठेवायचा. ते पुडा घ्यायचे, त्यातली एक काढून ओढायचे, म्हणायचे, "तंबाकू बरी हाय." टोमणा असेल तर तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नसे. तिथेही मी दादाच्या मागे उभा राहायचो.

दुष्काळ सरला, पाऊस बरा झाला, जत्रा पुन्हा भरू लागल्या. खर्ड्याच्या बाजारात आमचा कार्यक्रम चालू असताना एक म्हातारे गृहस्थ जीपजवळ उभे राहिले. पांढरी दाढी, पटक्यात तुरा. जामखेडकडचे तुरेवाले शाहीर होते ते, त्यांचं नाव आम्ही लहानपणापासून ऐकून होतो. त्यांनी कवन शेवटपर्यंत ऐकलं. कवन वस्तादांचं आहे हे त्यांनी पहिल्या कडव्यालाच ओळखलं असणार. छाप ऐकल्यावर ते दादाकडे बघून, कुजबुजल्यासारखं नाही, चांगलं मोठ्यानं म्हणाले, "नुगरा हाय ह्यो." आणि बैल बघायला निघून गेले.

पब्लिकला कळलंही नाही. दादाला कळलं. त्या दिवसापासून त्याचं जेवण गेलं. ज्याच्या नावानं माणसं धावत येत होती तो एका म्हाताऱ्याच्या एका शब्दानं खाटेला लागला. वहिनी मला म्हणाली, "भावजी, तुमी तरी समजवा." मी काय समजावणार? मी म्हणालो, "दादा, खरं बोलला तो, पण असू दे." यानं त्याला बरं वाटलं नाही.

शेवटी तो उठला आणि त्यानं त्या तुरेवाल्यांना निरोप धाडला. कर्जतकडच्या एका गावची जत्रा जवळ आली होती, तिथे समोरासमोर बसू. उलटा निरोप आला: छाप गाणार असशील तर बसतो, बिडी गाणार असशील तर नाही. दादा म्हणाला, छाप गाईन. त्याला एवढंच पाहिजे होतं, की चार जाणत्यांसमोर वस्तादांचं नाव घ्यावं आणि त्या म्हाताऱ्यानं मान डोलवावी. बिडी मग जन्मभर गाईन, असंही तो म्हणायचा. एजंटाला सांगितलं. मला वाटलं होतं तो भांडेल. तो म्हणाला, "एक दिवस तुमचा. जीप मात्र येईल, जत्रा आहे, माल तर वाटावा लागेल." वाईट माणूस नव्हताच तो.

दादानं रॉकेलच्या बोळ्यानं डफाचा रंग काढायचा प्रयत्न केला. लाल निघाला, पिवळा पसरला. वस्तादांनी ते पाहिलं. म्हणाले, "खरवडू नगं, कातडं फाटंल. राहू दे तसंच."

दादा त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला. "वस्ताद, नाव घिऊ का?" आणि तो रडला. चाळिशीला आलेला माणूस, हमसून हमसून रडला. मला रडू आलं नाही. त्याचा खांदा हलताना मी बघत होतो आणि फेट्याला इस्त्री करायची राहिली, असं काहीतरी माझ्या मनात चाललं होतं.

वस्ताद म्हणाले, "नाव काय मी पेटीत ठिवलंय का? घे की. मी येतो ऐकाया."

आम्ही त्यांना जीपमधूनच नेलं. दुसरं वाहन कुठून आणणार. कर्ण्याखाली पुढच्या सीटवर ते बसले, मांडीवर फडक्यात गुंडाळलेली भाकरी. रस्त्यानं पोरं जीप ओळखून ओरडत होती, मोट छाप, मोट छाप. वस्तादांना ऐकू येत नव्हतं. त्यांना वाटलं पोरं सलाम करतायत, म्हणून तेही हात वर करत होते.

रात्री त्या गावात तमाशाचा तंबू लागणार होता, म्हणून आमचा सामना दुपारी, कुस्त्यांच्या आधी उरकायचं ठरलं होतं. समोर तुरेवाले बसले. म्हातारे शाहीर मधोमध, डोळे मिटून. आमच्या बाजूला दादा, मी, आणि पुढे घोंगडीवर वस्ताद, तळहात जमिनीला टेकवून. भोवती माणूसच माणूस. निम्म्यांच्या तोंडात बिडी होती, एजंटानं सकाळपासून मनापासून वाटली होती.

दादानं तेच कवन घेतलं, पहिलं, दोन पावसाळ्यांचं. डफ बद्द वाजत होता, पण गळा लागला होता. एकेक कडवं असं स्वच्छ आलं की म्हाताऱ्या शाहिरांनी डोळे उघडले. तिसऱ्या कडव्याला त्यांची मान हलली. मी पाहिलं. दादानंही पाहिलं. मग तो शेवटच्या कडव्यावर आला, आणि त्यानं वस्तादांचं नाव घेतलं.

त्याच क्षणी अर्ध्या पब्लिकनं सवयीनं 'मोट छाप बिडी म्हणे' उचललं होतं. दोन्ही एकमेकांवर आदळलं. लोक आपण चुकलो की शाहीर चुकला, असं एकमेकांकडे बघायला लागले. दादानं थांबून, मान वर करून, ओळ पुन्हा घेतली. यावेळी नाव पुरतं ऐकू आलं, शेवटच्या माणसापर्यंत. 'म्हणे, भेद हा फोडुन दावा हो जी.' मी 'जी' उचलला.

झील चालू असतानाच मागून एकानं हाक दिली. साधा माणूस, डोक्यावर टोपी, बहुधा बाजार करून आलेला. त्याच्या विचारण्यात खोडी नव्हती. खरंच विचारत होता.

"शाहीर, ही नवी छाप कुटं मिळती?"

लोक हसले. तेही वाईट नव्हते. दोघातिघांनी आपापसात विचारलंही, कडक हाय का, कुठल्या कारखान्याची. दादा उभा होता. त्यानं पुढची ओळ उचलायची होती. झीलकऱ्यानं शाहीर उचलेपर्यंत सोडायचं नसतं, म्हणून मी धरून राहिलो. त्याचे ओठ मिटलेले होते. समोरचे म्हातारे शाहीर खाली, आपल्या पायांकडे बघत होते.  माझा श्वास संपला तेव्हा मी थांबलो.

वस्तादांनी जमिनीवरचा हात उचलला आणि माझं धोतर ओढलं. "काय म्हनतोय रं त्यो?"

मी वाकून त्यांच्या कानाला तोंड लावून मोठ्यानं सांगितलं. माणूस विचारतोय, ही छाप कुठं मिळती.

त्यांनी त्या माणसाकडे बघितलं. मग म्हणाले, "सांग त्याला, मिळत न्हाई. बंद झाली."

मी झीलकरी. कानावर आलं ते पुढे दिलं. गर्दीतून वाट काढत त्या माणसापर्यंत गेलो आणि सांगितलं, मिळत न्हाई, बंद झाली.

"आसं व्हय," तो म्हणाला, आणि कानामागची बिडी काढून त्यानं पेटवली. "मंग आपली मोटच बरी."